पासिंग

लाल आहे म्हणून घेतली नव्हती,
परवडली म्हणून घेतली.
लाल ती हळूहळू होत गेली.

दोन दारांची, बुटकी, कोरियन.
कंपनीने हे मॉडेल बंद केलं
त्याच वर्षी मी शारजात उतरलो,
खिडक्या बसवायच्या कामावर,
खिशात मुनाफ परकारचा नंबर,
दाभोळच्या कुणीतरी दिलेला.

आता तिचं काही मिळत नाही.
म्हणजे मिळतं,
पण मुलगी बघायला जातात तसं जावं लागतं,
आधी चहा, मग हवापाणी, मग विषय.
इंडस्ट्रियल सहा नंबरात साजी मान वर न करता म्हणतो,
"पुराना मॉडल, भाई"
आणि फळीमागून एक खोकं ओढतो,
फुंकर मारतो,
किंमत धूळ बसेपर्यंत सांगत नाही.

स्पॉयलर अजमानच्या एका अपघातातला.
रिम एका मिसरी माणसाच्या, सतरा इंची,
तो घरी परतला, गाडी विकून, रिम वेगळ्या विकून.
गिअरची मूठ मात्र आमची:
खिडकीच्या चौकटीचे उरलेले तुकडे वितळवून
मुनाफने लेथवर काढली,
लिंबाएवढी, गुळगुळीत.
जूनमध्ये तिला हात लावता येत नाही.
रुमाल बांधून गिअर टाकतो आम्ही,
टाकायचो.

दरवर्षी मे महिन्यात मुलकिया संपते.
पासिंगवाल्याला गाडी हवी कंपनीतून आली तशी,
वर काही नको, खाली काही नको, आवाज तर नकोच.
मग आदल्या रात्री बिल्डिंगमागच्या वाळूत
मोबाईलच्या उजेडात सगळं उतरवायचं.
स्पॉयलरच्या चार भोकांना चार रबरी बुचं.
जुना सायलेन्सर तारेने आवळायचा.
मुनाफ गाडीखालून बोलायचा, दिसायचे फक्त पाय,
"दहा दे. दहा नाय रं, बारा. तू खिडक्याच बसव."
सकाळी ती लायनीत उभी राहायची
नाक टोचण्याआधीच्या पोरीसारखी,
आणि पास व्हायची.
रात्री परत सगळं चढवायचं.
अकरा वर्षं. दोन रात्री.

यंदा मी एकट्याने उतरवलं.
मुनाफचा व्हिसा मार्चात संपला.
साठीनंतर नूतनीकरणाला कंपनी पैसे घालत नाही,
एवढंच. काही झालं नाही त्याला. दाभोळात आहे,
होडीचं इंजिन उघडून बसलाय, फोन उचलत नाही,
हात काळे असतात म्हणे.

पास झाली.
त्याला तीन आठवडे झाले.
स्पॉयलर मागच्या सीटवर आडवा आहे, पट्टा लावून,
नाहीतर वळणावर दारावर आपटतो.
मागे तशीही कुणी बसत नाही,
पुढची सीट दुमडल्याशिवाय तिथे पोचताच येत नाही.
धैदच्या रस्त्याला काल ऐंशीवर
गाडीचा स्वतःचा आवाज ऐकला.
शिवणयंत्रासारखा आहे.
वाईट नाही.

संध्याकाळी यार्डातून गुलरेजचा फोन.
एक कूपे आलीय तोडायला, निळी, बाजूने चेपलेली,
"आप वाली की बहन."
डावा टेललॅम्प साबूत. दारांची रबरं साबूत.
सात वर्षं शोधत होतो ती रबरं,
वाळू तिथूनच येते आत.
म्हणाला, कल तक रखूँगा, फिर प्रेस में जाएगी.

मी रुमाल शोधला. डॅशमध्ये होता, वंगणाचा वास.
मूठ थंड झाली होती, तरी बांधला.
किती घेणार, हे विचारायचं राहिलं.
बारा नंबरचा पाना आहे का रे तुझ्याकडे, एवढंच विचारलं.