बोटीकडे बोट

'लोमविगा' मार्चमध्ये भंगारात गेली.
आता नोव्हेंबर. तोर्शाव्नच्या बंदरात
तीनलाच दिवे लागतात.
हानुस म्हणाला, तिची ओळ काढून टाक एकदाची,
अजून विम्याचं बिल येतंय.

काढायला गेले. निघेना.
डेटाबेस म्हणाला, हिला कुणीतरी धरून आहे.
नाव सांगतो एकाचंच.
त्याला सोडवलं की दुसरा.

हे सगळं बांधलं एयुनने.
विचारावं तर तो गेला मागच्या हिवाळ्यात,
कागदावर काही न ठेवता.

म्हणून तळघरात उतरले,
जिथे टेबलांची टेबलं असतात,
कॉलमांची वही, बंधनांची वही.
नावं नाहीत तिथे, नुसते आकडे:
सोळा हजार चारशे बाराचा तिसरा
सोळा हजार तीनशे नव्वदच्या पहिल्याकडे बघतो.
माझ्या आजोळच्या बायका अशाच बोलतात,
'खालच्या घरातल्या मधल्याची थोरली' —
गोत पाठ नसेल तर बसा ऐकत.

आकड्याला नाव लावत गेले.
फेऱ्या. डिझेल. जाळ्यांची दुरुस्ती.
एका जागी दोन कॉलम मिळून एक किल्ली,
बोट आणि वर्ष; एकट्याने कुलूप उघडत नाही.
खलाशांच्या टेबलात चौथ्या जागी ठिपके, ठिपके,
कॉलम कुणी पुसलेला, जागा शिल्लक.
काय होतं तिथे, वही सांगत नाही.

आणि प्रत्येक बंधनापुढे एक अक्षर:
धरलेलं माणूस गेलं तर धरणाऱ्यानं काय करायचं.
'सी' असेल तर मागोमाग जायचं.
'एन' असेल तर रकाना कोरा ठेवून राहायचं.
'आर' म्हणजे जाऊच द्यायचं नाही.
एयुनने सगळीकडे 'आर' लिहिलाय.

नऊ जण निघाले, बोटीकडे बोट दाखवणारे.

दहावा वहीत नव्हता. मला ठाऊक होता म्हणून सापडला:
निवृत्तांची यादी, 'शेवटची बोट' हा रकाना.
साधा आकडा. बंधन नाही, अक्षर नाही.
एयुनच्या ओळीत एकशे सात.
एकशे सात म्हणजे लोमविगा.
खुर्चीत बसण्याआधी अकरा वर्षं
तो तिच्यावर मासे साफ करायचा.
सगळ्यांना बांधलं,
स्वतःला बांधायचं राहिलं, की नकोच होतं?

थर्मासमधली कॉफी संपवली.
मग एक ओळ लिहिली, बंधनाची,
शेवटी 'आर'.

हानुसला कळवलं: निघत नाही.
दहा जण धरून आहेत.
विम्याचं मी बघते.