पोच

हडर्सफील्डच्या कौन्सिल ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
खड्डे, रस्त्यांवरचे दिवे आणि हिवाळ्यात टाकायचं मीठ
सांभाळणाऱ्या आमच्या विभागात
मॅल्कम साइक्सच्या प्रत्येक ईमेलबरोबर
एक लहानशी चौकट उगवायची :
पाठवणाऱ्याला तुम्ही हे वाचल्याची पोच हवी आहे.
द्यायची? हो. नाही.

प्रत्येक. म्हणजे मिठाच्या टनांचा हिशेब असो
की फ्रिजमधलं निळ्या झाकणाचं दूध कुणाचं, ही विचारणा.

मी 'नाही' दाबायचे.
वाचून, उत्तरही देऊन, वर 'नाही' दाबायचे.
आईला फोनवर सांगितलं,
इथे एक म्हातारा सारखी पोच मागत असतो
आणि त्याला स्वतःला काडीची पोच नाही.
ती खूप हसली.
मग म्हणाली, देऊन टाक की, तुझं काय जातंय?

इथली रीत कळायला मला दोन हिवाळे लागले.
'माझ्या मागच्या ईमेलमध्ये म्हटल्याप्रमाणे'
म्हणजे : वाचता येत नाही का?
'काइंड रिगार्ड्स'मधला 'काइंड' गळला, की बिनसलंय.
नुसतं नाव उरलं, की दार लावून घेतलंय.
आणि सीसीत साहेब दिसला
की भर चौकात कुणाचं तरी पागोटं उडवलंय.
आपलं बरं, वाटायचं,
सा. न. वि. वि. लिहावं आणि पुढे खुशाल भांडावं.

मॅल्कमने सीसीत कधी साहेब घातला नाही.
मिठाच्या ऑर्डरीत मी एकदा एक शून्य जास्त टाकलं होतं,
ते त्याला ठाऊक, मला ठाऊक.
बाकीचे मला 'एम' लिहायचे, घाईत असले तर तेही नाही.
तो दर वेळी पूर्ण 'डिअर मृदुला',
स्पेलिंग एकदाही न चुकता.
हे माझ्या लक्षात आलं होतं.
लक्षात आलं होतं, एवढंच.

फेब्रुवारीत तो रजेवर गेला.
कारण कुणी लिहिलं नाही,
किटलीपाशी लोक हळू बोलायला लागले फक्त.
मी तीन दिवस एक ईमेल लिहीत होते.
लांब झाला की पुसत होते.
शेवटी उरलं ते : त्या शून्याबद्दल आभार.
पाठवण्याआधी मेनूत खोल शिरून
ती खूण शोधली, जन्मात कधी न केलेली.
पोच हवी.

मग दिवसातून किती वेळा इनबॉक्स,
जेवताना, बसमध्ये, बाथरूममध्येसुद्धा.
चौकटीच्या या बाजूला बसायची मला सवय नव्हती.

मार्चमध्ये एचआरचा ईमेल आला, सगळ्यांना,
विषयाच्या जागी नुसतं त्याचं नाव.
त्याला चौकट नव्हती. पोच नको होती कुणाला.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी, अकरा चाळीसला,
आयटीवाल्यांनी त्याचं खातं झाडून काढलं असणार.
त्याच्या नावावरून मला उत्तर आलं :
तुमचा संदेश न वाचता काढून टाकण्यात आला.

खाली सही. मॅल्कम साइक्स. काइंड रिगार्ड्स सकट नाही,
यंत्राला ते कुठून कळणार.

मी त्याचे जुने ईमेल काढून बसले.
एक अजून ठळक अक्षरात होता,
रजेआधीच्या शुक्रवारचा. विषय : दूध.
तेव्हा वाटलं होतं, पुन्हा दूधच, म्हणून उघडला नव्हता.

उघडला.
डिअर मृदुला, निळ्या झाकणाचं तुमचं का?
उद्या संपतंय, म्हणून विचारलं.
आणि चौकट, जशीच्या तशी.

खाली रस्त्यावर ऊन होतं, मीठ लागायला चार महिने होते.
मी 'हो' दाबलं.

दूध माझंच होतं.