प्रत्यायोजन

पत्र दिल्लीहून भोपाळला आलं, भोपाळहून ग्वाल्हेरला,
आमच्या दोन खोल्यांच्या क्षेत्रीय कार्यालयात.
चौतीस पानं, पिन वाकडी.
केंद्राच्या कायद्याखालचे अमुक अमुक अधिकार
यापुढे राज्याचे, आणि राज्याच्या वतीनं माझे.
सक्सेनाबाबूंनी आवक क्रमांक टाकला,
चहाचा कप त्याच्यावरच ठेवला
आणि म्हणाले, "मॅडम, अब दिल्ली आप ही हैं."

पत्रात शब्द होता प्रत्यायोजन.
माझ्या मराठीत तो दातांत अडकला
पेरूच्या बीसारखा.
आमच्यात म्हणतात सोपवणं.
गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली सोपवतात,
फलाटावर दोन मिनिटं कुणाकडे मूल सोपवतात
आणि जाताना मागे वळून वळून बघतात.
दिल्ली वळून बघेल का,
हे चौतीस पानांत कुठेच नाही.

एकोणीस वर्षं मला एक वाक्य पाठ होतं.
बिलौआहून माणसं यायची,
क्रशरच्या पुडीनं भुवया पांढऱ्या,
पंचविशीतच म्हातारी दिसणारी.
एकदा रामकली कुशवाह
डब्याच्या झाकणात धूळ घेऊन आली,
तिच्या ओट्यावरची, एका दिवसाची.
झाकण टेबलावर ठेवून गप्प उभी राहिली.
मी म्हणाले, "हमारे हाथ में कुछ नहीं, फाइल ऊपर गई है."
आणि 'ऊपर' म्हणताना
माझं बोट खरोखरच छताकडे गेलं.
तिथे पंखा होता आणि कोळ्याचं जाळं.

खोटं नव्हतं ते.
सोयीचं होतं, मे महिन्यात भिंतीची सावली असते तसं.
आता भिंत पाडली.

जबाबदारी आली.
तिच्यासोबत माणूस आला नाही, जीप नाही, डिझेल नाही.
दोन पदं रिकामी. हवा मोजायचं यंत्र एकच,
तेही दम्याच्या रोग्यासारखं.
तरी काल गेले, टेम्पो करून.
निघण्याआधी गाळणीचा कागद तोलला,
पांढरा, चिमट्यात धरलेला, न भाजलेल्या पापडासारखा.

क्रशरच्या मालकानं आधी खुर्ची पाठवली,
मग लस्सी, मग भाचा.
भाचा म्हणाला, "पहले तो आप कभी नहीं आईं."
खरं होतं. लस्सी तशीच राहिली.
यंत्र आठ तास घरघरत होतं
आणि मी बाभळीखाली.
दोनच्या सुमाराला सुरुंग उडाला,
डोंगराचा एक खांदा खाली आला,
पाखरं जागची हलली नाहीत.

संध्याकाळी कागद काढला.
राखाडी. चौकटीखालची कड तेवढी पांढरी.
आज पुन्हा तोलला.
आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक
चिमटीत मावेल एवढा.
त्या आकड्याखाली एक रिकामी ओळ असते,
तिथे मी 'अग्रेषित' लिहीत आले.

लिहिलं: संमती नाही.
खाली सही, मग पूर्ण नाव, सुलभा माहूरकर, तारीख.
अक्षर जरा तिरकं आलं.
आता फोन वाजतील,
आणि बोट दाखवायला छतसुद्धा नाही.

कपाटात, जुन्या पावत्यांखाली,
रामकलीचं झाकण अजून पडून आहे.
परत द्यायचं राहूनच गेलं.
उद्या नेईन.
धुऊन न्यावं की तसंच,
एवढं अजून ठरत नाही.