बहिरी

या उताराला गावातली घंटा ऐकू येत नाही.
मधे टेकडीचा खांदा येतो, आवाज तिथूनच परत फिरतो.
म्हणून नाव ला सोर्दा, म्हणजे बहिरी.
जमिनीच्या दप्तरात हेच नाव आहे,
आता बाटलीवरही, बारीक अक्षरांत.
बर्फ सगळ्यांत आधी इथं वितळतं. एवढंच तिचं सुख.

मी मॅसेडोनियाहून द्राक्षं तोडायला आलो होतो,
तीन आठवड्यांसाठी. एकोणीस वर्षं झाली.
मालक एवाझिओ तेव्हा हयात होता.
चारही उतारांची द्राक्षं एकाच गाडीत ओतून
तो सहकारी संस्थेच्या काट्यावर न्यायचा.
म्हणायचा, एकाच उताराची वाईन
म्हणजे एकट्यानं जेवायला बसणारा माणूस.

त्या ऑक्टोबरात धुकं दुपार झाली तरी उठेना.
इथल्या द्राक्षाचं नावच धुक्यावरनं पडलंय म्हणतात,
नेब्बिओलो: सगळ्यांआधी फुटतो, सगळ्यांमागून पिकतो,
मधल्या काळात सगळ्यांच्या जिवाला घोर.
बारा वाजले ते कळलं नाही. पाचही.
शेवटचा क्रेट वर आणला तेव्हा संस्थेचं फाटक बंद,
काटेवाल्यानं आतूनच हात हलवला: आज नाही.
उद्या रविवार होता.

एवाझिओनं शिवी हासडली, देवाला नव्हे, घंटेला.
तेरसिल्ला, त्याची बायको, म्हणाली,
मागच्या खोलीत सिमेंटची टाकी आहे की.
टाकीत बटाटे होते. बटाटे उपसले.
मध्यरात्रीपर्यंत ती आत उतरून घासत होती
आणि काहीतरी गुणगुणत होती;
तिचा आवाज टाकीत घुमून
दुसऱ्याच कुणा बाईचा होऊन बाहेर येत होता.

तिसऱ्या दिवशी टाकी बोलायला लागली.
सालं वर आली, पावासारखी फुगली.
काठीनं खाली दाबायची, सकाळ-संध्याकाळ;
पाठ फिरवली की पुन्हा वर.
रात्री हात लावावा तर भिंत तापलेली.
फसफस निवली तेव्हा एवाझिओनं न बोलता
लाकडी पट्ट्या आडव्या ठोकल्या,
सालं रसाखाली कोंडून ठेवली, चाळीस दिवस.
ही त्याच्या बापाची रीत. कधी बोलला नव्हता.
बोलायचं काय, म्हणाला, काट्याला फक्त वजन कळतं.

मग मोठ्या जुन्या पिंपात.
पहिल्या हिवाळ्यात चाखली:
ओल्या अक्रोडाच्या सालीसारखी तुरट,
जीभ टाळूला चिकटली ती सुटेना.
फेकून दे, म्हणाला. तेरसिल्लानं ऐकलं नाही.
बहिरेपण त्या घरातही होतं, सोयीपुरतं.

चार हिवाळे मुरली.
लाकूडही पितंच थोडं;
दर शनिवारी पिंप काठोकाठ भरायचं,
हवेला बसायला जागा ठेवायची नाही.

तिसऱ्या मार्चमध्ये एवाझिओ गेला,
छाटणी अर्धी टाकून.
त्याच्यासाठी वाजलेली घंटा मी ऐकली नाही.
उतारावर होतो.
उरलेल्या ओळी त्याच्याच कात्रीनं छाटल्या.
कुठं तो थांबला, कुठून मी लागलो,
वेलीकडं बघून अजून सांगता येतं:
तो नेहमी एक डोळा कमी राखायचा.

बाटली उघडली तेव्हा रंग फिका निघाला,
जुन्या विटेवर पाणी सांडावं तसा.
वाळलेला गुलाब, आणि मागून डांबर,
नुकत्याच केलेल्या रस्त्याचं.
तेरसिल्ला बराच वेळ पेल्यात नाक घालून बसली.
मग म्हणाली, जेवायला बसू या.
तीन ताटं मांडली तिनं. एक परत उचललं.

आता लांबून लोक येतात, किंमत विचारतात,
गारपिटीच्या वर्षाची बाटली का नाही विचारतात.
त्या वर्षी बाटलीच नाही, ती सांगते,
दुसऱ्या उताराची द्राक्षं घालून भरली असती
तर ती ऐकू येणारी झाली असती.
ते हसतात, टिपून घेतात.

ते गेल्यावर ती मला हळूच विचारते,
ब्लागोया, बटाट्यांचा वास येतो का रे?
मी नाही म्हणतो.
येतो. पहिल्या घोटाला, थोडासा.