हाताबाहेर

तुझं नाव मला नीट म्हणता येत नाही.
निकालाच्या यादीत दोन अक्षरं दिसतात
गजांच्या खिडक्यांसारखी.
मी त्यांना यूए म्हणते. चुकत असेल.

आपण एकाच वर्षीच्या.
तू हार्बिनची, जिथे नदीसुद्धा
चार महिने पायाखाली घेता येते.
मी इंदूरची. इथे बर्फ म्हणजे
सराफ्यात गोळेवाल्याच्या रंध्याखाली पडतो तेवढाच.

आमचं रिंगण सिमेंटचं, शाळेच्या मागे,
मधोमध एक भेग;
तिच्यावर चाक अडलं की दातावर दात आपटतात.
पहाटे पाचला ओजस खासगीवाले झाडू मारायचा,
मी घासलेटात बेअरिंग बुडवून पुसायची,
आणि आमचे सर, एरवी बँकेत कॅशियर,
शिट्टी ओठातून काढून म्हणायचे,
वरची रडली तरी चालेल,
खालचा रडता कामा नये.

मी वरची.

तुझी पहिली फेक पाहिली बाबांच्या मोबाइलवर.
बारा वर्षांची तू
त्याच्या हातातून सुटलीस, हवेत तीनदा फिरलीस
आणि उतरलीस तेव्हा
काचेतला तडा बरोबर तुझ्या घोट्यातून जात होता.
आम्ही ती चाकांवर करून पाहिली.
अर्धा फेरा. पाऊण. एकदा पुरता एक.
कोपरावर अजून ती जागा आहे,
भिजलेल्या पोह्याएवढी, गुळगुळीत.

दहावीच्या सुट्टीत मी चार बोटं वाढले.
आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.
माझ्याही चढलं होतं,
तेच तर.

ओजस काही बोलला नाही.
आधी उचलून मग श्वास घ्यायचा,
आता श्वास घेऊन मग उचलायला लागला.
एका रविवारी मनगटाला पट्टी बांधून आला.
सर म्हणाले, पोरगी हाताबाहेर गेली.
बाकावर बसलेल्या कुणाच्या तरी काकूंना
भलतंच ऐकू आलं.
दोन दिवसांत ते रामबागेपर्यंत पोचलं.

त्याच हिवाळ्यात तुझ्या नावापुढे आलं: माघार.
मी शोधत गेले.
यंत्राने केलेलं एक भाषांतर सापडलं,
'उंच झाल्याबद्दल तिने सर्वांची क्षमा मागितली.'
तीनदा वाचलं.
वाटलं, भाषांतर चुकलंय.
मग वाटलं, नसेल.

पुढे तुला दुसरा जोडीदार मिळाला,
रुंद खांद्यांचा, न हसणारा.
आठवी. सहावी. घोटा. नववी.
एकदा चौथी, शतांशांनी हुकलेली;
गुणांची वाट पाहताना तुम्ही बाकावर बसला होतात
आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती.
मी पोळीचा घास हातात धरून बसले होते.
ओजस तोवर पुण्यात, गिअरच्या कारखान्यात.
कधीमधी मोटरसायकलचा फोटो पाठवतो.

परवा तू थांबलीस. एकविसाव्या वर्षी.
शेवटच्या व्हिडिओत उडी नाही, फेक नाही.
बुटांच्या पात्यांवर तू रबराची म्यानं चढवतेस,
एक,
मग दुसरं दुमडतं, परत काढून चढवतेस.
कॅमेरा उगाच चालू राहतो.

मी हल्ली संध्याकाळी रिंगणावर असते.
शाल्मली सात वर्षांची; तिचा जोडीदार
क्लास बुडवून पतंग उडवतो,
म्हणून मीच खालची.
ती माझ्या मांड्यांवर उभी राहते,
मी तिची मनगटं धरते आणि आम्ही फिरतो.
खालून वरच्याचा चेहरा दिसत नाही
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ओजसने इतकी वर्षं
माझे फक्त गुडघे पाहिले असणार.

ताई, मी जड झाले का?

उत्तराला श्वास लागतो,
तो मी उचलण्यातच संपवलेला असतो.
भेग जवळ येते.