पाणरेषेखाली

तू विचारतेस, चित्रकार कशा झालात?
वही उघडी, पेन्सिल टोकदार, बूट बर्फाने ओले.
बूट तिथे काढ, शेगडीपाशी. आणि बस.
त्या स्टुलावर नको,
त्याचा एक पाय माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

झाले वगैरे काही नाही गं.
एकोणिसाव्या वर्षी अकादमीच्या परीक्षेला बसले.
मधोमध प्लास्टरचं एक डोकं ठेवलेलं,
कुरळ्या केसांचं, नाकाचा टवका उडालेला.
सगळ्यांनी डोकं काढलं.
मी काढली त्याच्यामागची भिंत,
जिच्यावर एका गळक्या नळाने वर्षानुवर्षं
तपकिरी ओघळ सोडला होता.
यादीत नाव नव्हतं. दोनदा वाचली.
तिसऱ्यांदा वाचायची लाज वाटली.

वडील म्हणाले, रंगच हवेत ना तुला? चल.
आणि ग्दान्स्कच्या गोदीत, ऐन नोव्हेंबरात,
एका मालवाहू जहाजाच्या पोटाखाली
मला नेऊन सोडलं.

जहाज खालून पाहिलंयस कधी?
आभाळ असतं ते, लोखंडाचं,
शिंपल्यांनी, शेवाळाने खरबरीत झालेलं.
मुकादम गेर्शेव्स्की एका कानाने बहिरे,
म्हणून सगळ्या जगाशी ओरडून बोलायचे.
त्यांनी हातात खरवडणी दिली.
आठ महिने कुंचला नाही.
"गंज झाकलास तर तो आतून खातो, पोरी!
आधी लोखंड दिसू दे!"

मग शेंदराचा पहिला हात.
शिशाचा शेंदूर तो, बादली उचलली की खांदा उतरायचा.
त्यावर दुसरा हात, तिसरा, शेवटी गडद लाल.
आणि एके सकाळी गोदीचे दरवाजे उघडायचे,
पाणी आत यायचं
आणि माझा अख्खा हिवाळा बुडवून टाकायचं.
वर पांढरा रंग, कंपनीचं नाव, बँड, भाषणं.
खाली मी.
पहिल्यांदा रडले. गेर्शेव्स्कींनी रुमाल दिला,
त्याला टर्पेंटाइन लागलेलं,
डोळ्यांतलं पाणी थांबेचना.

उरलेला रंग काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांतून घरी आणायचे.
चोरीच. लिही, चोरी म्हणूनच लिही.
फळ्या, टाकून दिलेली दारं,
एकदा तर शेजारणीचा इस्त्रीचा पाट.
आई भरतकाम करायची, आमच्या कशुबियन बायकांचं,
त्यात निळे तीन: आभाळाचा, तळ्याचा, खोल दर्याचा.
माझ्या फळीकडे बघून म्हणाली,
यात निळा कुठाय?
म्हटलं, आहे. सात थर खाली.
तिला काही पटलं नाही. पण वाढलं जेवायला.

पहिलं चित्र दातांच्या डॉक्टरने घेतलं,
पैशांऐवजी दाढ बसवून दिली.
ही बघ. अजून अक्रोड फोडते.

एकतीस वर्षांनी आमचा विभाग बंद झाला.
हिशेबाच्या पैशांत ही खोली घेतली, बेकरीच्या वरची.
पहाटे तीनला खाली पाव भाजतात,
जमीन तापते, रंग लवकर वाळतो,
आणि भूक लागते, त्याला इलाज नाही.

आता काळ्या कोटातली माणसं येतात,
मागे सरकून, डोळे बारीक करून म्हणतात, अमूर्त.
अमूर्त कसलं डोंबलाचं?
ही डावी बाजू आहे. हा सांधा.
इथे माझी जेवणाची सुट्टी झाली होती,
रंगाची कड दिसतेय ना, ती.

करिअर म्हणतेस तू. कसं करायचं, विचारतेस.
मला नाही माहीत.
कुणी बघणार नाही अशा जागी
किती नीट रंगवतेस, ते बघ आधी.
त्यानंतर भाडं, प्रदर्शनं, समीक्षक,
ते होतं किंवा होत नाही.
गेर्शेव्स्की गेले तेव्हा मी त्यांच्या शवपेटीची
तळाची बाजू रंगवली. फक्त तळाची.
त्यांच्या बायकोला सांगितलं नाही.
तुला का सांगितलं, कुणास ठाऊक.

अगं, भिंतीला टेकू नकोस.
ते वाळलेलं नाही अजून.