दाताचं भोक

दाताचं भोक टोकाला नसतं, कादझो सांगते,
जरा वर असतं. नाहीतर मांसानं बुजेल.

पफ अ‍ॅडरच्या जबड्यात दोन दात
मिटलेले, खिशातल्या चाकूसारखे.
पेल्यावर ताणलेल्या रबराला टेकवले
की उघडतात.
काचेवरून उतरतो पिवळा थेंब,
कसलीच घाई नसलेला.

मांबाचे मिटत नाहीत. आखूड, पुढेच.
बूमस्लँगचे पार मागे, डोळ्याखाली;
त्याला चावत राहावं लागतं.

मालिंदीच्या दवाखान्यात आईनं
रात्रभर दातांच्या कण्या केल्या.
औषधाचं कपाट सताड उघडं,
आत नुसत्या फळ्या.
भाऊ थोया. वय नऊ.

आज पिंजरा झाडताना
विष्ठेत एक गळलेला दात मिळाला.
कादझोनं धुतला, ओठांशी धरून फुंकला:
आरपार.

त्याच्या जागी दुसरा
केव्हाच आलाय.